आदिवासी समुदायासोबत काम सुरू करताना संमती कोणाची आणि कशी घ्यावी?

प्रश्न
एका आदिवासी समुदायाकडे असलेल्या औषधी वनस्पतींच्या माहितीची नोंद करण्याचे काम आमची संस्था हाती घेत आहे. आराखडा तयार आहे, निधी मंजूर आहे, आता संमती घ्यायची आहे. समुदायाच्या प्रमुखांची सही पुरेशी मानावी का?

उत्तर १
माझ्या मते क्रमच उलटा झाला आहे. आदिवासींच्या हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या २००७ च्या जाहीरनाम्यानुसार समुदायाची संमती दबावाविना, आधी आणि पूर्ण माहितीनिशी मिळायला हवी. त्यातले कलम ३१ तर पारंपरिक ज्ञानावरील त्यांचा हक्क स्पष्टपणे मान्य करते. आराखडा ठरून गेल्यावर समुदायाला फक्त होकार देणेच उरते. निर्णय कोण घेते, हे त्यांनाच विचारावे. अनेक ठिकाणी प्रमुख बोलतात, पण निर्णय सभेत होतो आणि वनस्पतींची जाण काही ठरावीक घराण्यांकडे किंवा वयस्क स्त्रियांकडे असते.

उत्तर २
सहीच्या कागदावर फार विसंबू नये. अमेरिकेतील ग्रँड कॅन्यनमधील हवासुपाई या आदिवासी लोकांनी १९९० च्या दशकात रक्ताचे नमुने दिले ते मधुमेहाच्या अभ्यासासाठी, कारण त्या आजाराने त्यांना ग्रासले होते. संमतिपत्रातील शब्दरचना मात्र मोघम होती आणि त्याच नमुन्यांवर पुढे स्किझोफ्रेनिया व पूर्वजांचे स्थलांतर यांवरही संशोधन झाले. आपण याच भूमीतून आलो, असे मानणाऱ्या लोकांना ते किती लागले असेल! २०१० मध्ये संशोधन करणाऱ्या विद्यापीठाशी तडजोड झाली आणि नमुने परत मिळाले. म्हणून नोंदी कुठे राहतील, कोण पाहील आणि दुसऱ्या कामासाठी वापरायच्या झाल्यास पुन्हा विचारणार का, हे आधीच लिहून ठेवावे.

प्रश्नकर्ता
मुद्दा पटला. परंतु निधीची मुदत ठरलेली आहे. सभेने वेळ मागितला तर?

उत्तर ३
मुदत वाढवून मागावी, आणि नकार आला तर काम थांबेल, हे निधी देणाऱ्यांना आजच कळवावे. दक्षिण आफ्रिकेतील सान या आदिवासी लोकांच्या, भूक मारणाऱ्या हूडिया वनस्पतीच्या ज्ञानावर आधारित पेटंट त्यांना न विचारताच घेतले गेले होते. लाभातील वाट्याचा करार २००३ मध्ये, तोही आक्षेपांनंतर झाला. पुढे २०१७ मध्ये सान लोकांनी संशोधकांसाठी स्वतःची आचारसंहिता जाहीर केली. तुम्ही ज्या समुदायाकडे जात आहात त्याचे असे काही नियम आहेत का, हे पहिल्याच भेटीत विचारा आणि आराखडा त्यांच्यासमोर कच्चा मसुदा म्हणूनच ठेवा.