मदत हवी आहे: आईच्या आवाजाच्या कॅसेटची बी बाजू दबकी येते

आईने सांगितलेल्या आठवणींची सी-९० (९० मिनिटांची) कॅसेट डिजिटल करतोय, नातवंडांना आजीचा आवाज मिळावा म्हणून. फितीला हेडवर (फितीवरचा आवाज वाचणाऱ्या भागावर) दाबणारी फेल्टची गादी निखळली होती (जुना गोंद वाळला की ती पडतेच), म्हणून फीत स्क्रूवाल्या चांगल्या कवचात हलवली. हेड आणि कॅप्स्टन (फीत पुढे ओढणारा फिरता दांडा) आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसले. फितीला कॅप्स्टनवर दाबणाऱ्या रबरी पिंच रोलरला मात्र ते लावलं नाही, रबर कडक होतं. कॅसेट डेकच्या लाइन-आउटमधून ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट डब्ल्यूएव्ही फाइल, सर्वात मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या आत.

ए बाजू सुरेख आली. 'मग काय झालं ठाऊक आहे का?' म्हणताना ती हसते, तेही स्वच्छ ऐकू येतं. बी बाजूला 'स' आणि 'श' विरघळून जातात. ती बाजू बहुधा दुसऱ्या टेपरेकॉर्डरवर भरली असावी, त्यामुळे हेडचा कोन, म्हणजे ॲझिमथ, जुळत नसावा.

हेडशेजारचा स्प्रिंगवाला स्क्रू एकावेळी किती फिरवावा? दोन्ही चॅनल एकत्र (मोनो) करून 'स' सर्वात तीक्ष्ण येईल तिथे थांबणं पुरेसं आहे का? मूळ जागेची खूण कशी ठेवता? सी-९०ची फीत पातळ असते, पुन्हा पुन्हा मागेपुढे करायची भीती वाटते. सराव दुसऱ्या कॅसेटवर करता येईल, पण कोन तर हिच्यावरच जुळवायचा आहे. इक्वलायझरने तीव्र स्वर वाढवण्याचा सल्ला कृपया नको, त्याने फक्त खरखर वाढते.