प्रति: नवापूरचा बर्ड फ्लू आणि हतनूरचे पाहुणे पक्षी
फेब्रुवारी 2006 मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरच्या कोंबड्यांत बर्ड फ्लू आला तो स्थलांतरित पक्ष्यांमुळेच, तेव्हा जळगाव जिल्ह्यातल्या हतनूर जलाशयावरचे थवे हुसकावावेत, असे या चर्चेत वर सुचवले गेले आहे. त्यात थोडी भर घालतो. रानबदकांच्या आतड्यांत इन्फ्लुएन्झाचे विषाणू पुष्कळदा त्यांना आजारी न पाडता वाढतात, विष्ठेवाटे पाण्यात उतरतात आणि थंड पाण्यात बराच काळ तग धरतात, त्यामुळे हिवाळ्यात एका जलाशयावर अनेक जातींचे पक्षी जमले की संसर्गाची देवाणघेवाण सहज होते. मात्र हिवाळ्यात इकडे येणाऱ्या पट्टकदंब हंसांना एच5एन1 हा बर्ड फ्लूचा घातक विषाणू मारूनही टाकतो (2005 मध्ये चीनच्या चिंगहाई सरोवरावर आणि 2020-21 च्या हिवाळ्यात हिमाचलातील पोंग जलाशयावर तेच घडले), आणि गंभीर आजारी पक्षी फार लांब उडू शकत नाही. शिवाय बंदिस्त शेडमधल्या कोंबडीची तळ्यावरच्या बदकाशी गाठ क्वचितच पडते. विषाणू आत शिरतो तो बहुधा मळलेली पादत्राणे, अंड्यांचे ट्रे आणि पक्ष्यांची ने-आण करणारी वाहने यांच्याबरोबर. नवापूर तर सुरत-धुळे महामार्गावरचेच गाव! थवा हुसकावला, तर तो दुसऱ्या तळ्यावर जाऊन बसेल. त्यापेक्षा मृत पक्षी दिसताच हात न लावता पशुसंवर्धन विभागाला कळवणे मला अधिक उपयोगाचे वाटते.