मदत हवी आहे: पहिलीची मुलं घरी पावरी (पावरा आदिवासींची बोली) बोलतात
नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव तालुक्यातली द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळा. माझ्याकडे पहिली-दुसरी एकत्र, पट 23. पहिलीतल्या 11 जणांना मराठी जवळपास कळतच नाही. चित्रकार्डं, बडबडगीतं करून पाहिली. मुलं टाळ्यांचा ताल छान धरतात, पण अर्थ पोचत नाही. काल एकीला ‘चपला बाहेर काढून ये’ म्हटलं, तर ती दप्तर उचलून घरीच निघाली. फार वाईट वाटलं. दुसरीतली मुलं सांगतात समजावून, पण मग त्यांचा अभ्यास राहतो. मला पावरी मोडकीतोडकीच येते. विजेचा भरवसा नाही, त्यामुळे व्हिडिओ सुचवू नका. अशा वर्गाला शिकवलेल्या ताई-दादांनो, पहिला महिना नुसत्या पावरीतून गप्पागोष्टी करून अक्षरं नंतर घेऊ, की दोन्ही बरोबरच सुरू करू?