वारलेल्या मामांचं पुस्तक परत छापायचंय, प्रकाशक दाद देईना

जांबोटीकर
माझे मामा बॉटनीचे प्रोफेसर होते, बेळगावातच नोकरी झाली. खानापूर-जांबोटी-कणकुंबी भागातल्या झाडांवर त्यांचं इंग्रजी पुस्तक आहे, पहिली आवृत्ती ऐंशीच्या दशकातली, दुसरी 1998 ची. तो प्रकाशक पुढं एका परदेशी कंपनीनं विकत घेतला आणि तिथनंच घोळ सुरू. आता ऑर्डर आली की एकेक प्रत छापून पाठवायलेत, किंमत अशी की कॉलेजची पोरं झेरॉक्सवर भागवतात, आणि चित्रांच्या जागी नुसते काळे डाग. मामांनी पेनानं काढलेली चित्रं ती, पानाच्या शिरा मोजून घ्याव्यात अशी! मामी म्हणायलेत इथंच स्वस्तात काढूया, मामांनी स्वतःच्या प्रतीत भरपूर दुरुस्त्या लिहून ठेवल्यात त्या घालून, शिवाय त्याच भागातलं भीमगडचं जंगल 2011 ला अभयारण्य झालं त्याचा पुस्तकात पत्ताच नाही. कंपनीला मेल केला तर "हक्क आमचे आहेत, मूळ करार पाठवा". अरे हक्क तुमचे तर करार तुमच्याकडं पाहिजे की! दरवेळी नवीन माणूस, परत पहिल्यापासून रामायण. काय करावं?

घटप्रभा
पीडीएफ करून नेटवर टाका ओ. कोण विचारायला येतंय?

चिकोडीचा वकील
असलं काही करू नका. मामा वारले त्याच्या पुढच्या जानेवारीपासून 60 वर्षं कॉपीराइट आहे, आणि हक्क खरंच कंपनीकडं निघाले तर तुम्हीच अडकाल.
आता मुद्द्याचं. कॉपीराइट कायद्याचं कलम 19 बघा. लेखकाच्या सहीचा कागद नसेल तर हक्क दिलेच नाहीत असं धरतात, म्हणून कागद त्यांनाच मागा, मेलवर नाही, स्पीड पोस्टानं. दुसरं, करारात मुदत लिहिली नसेल तर ती 5 वर्षंच धरतात. पण ही सवलत 10 मे 1995 नंतरच्या करारांना, आधीच्यांना नाही. त्यामुळं दुसऱ्या आवृत्तीसाठी वेगळी सही झाली होती का ते शोधा, सगळं त्यावर आहे. जुना करार तसाच पुढं चालवला असेल तर मग हक्क परत मागून घ्यावे लागतील.

शाईचे हात
शहापूरला प्रेस आहे आमचं. काळे डाग कशानं तर छापील पुस्तकच ग्रेस्केलमध्ये, म्हणजे करड्या छटांत, स्कॅन करून ढकललंय. मामांची मूळ चित्रं घरात असतील तर आत्ताच 1200 डीपीआयला (म्हणजे इंचाला 1200 ठिपके) लाइनआर्ट म्हणून, नुसतं काळं-पांढरं, स्कॅन करून ठेवा, भांडण मिटायची वाट बघू नका, कागद पिवळा पडतोय. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख नंबर, नवीन घ्यावा लागेल, जुना चालत नाही, सरकारकडनं फुकट मिळतो.

जांबोटीकर
वकीलसाहेब, मामी म्हणतात 98 ला सही केली होती, रॉयल्टीच्या चिठ्ठ्या पण ट्रंकेत आहेत, करार तेवढा सापडेना. आणि वारस म्हणून काय दाखवायचं? नाडकचेरीतनं (आमच्याकडचं महसूल ऑफिस) वंशवृक्ष काढलेला आहे, पण तो जमिनीच्या कामाला.

चिकोडीचा वकील
सुरुवातीला तोच जोडा. मृत्युपत्र असेल तर त्याची पण कॉपी. मामांच्या मुलांच्या सह्या आधी घ्या, नाहीतर कंपनी त्यावरनंच फाईल अडवेल. चिठ्ठ्यांवर करार नंबर किंवा तारीख असते बऱ्याचदा, फोटो पाठवा मला.

घटप्रभा
बरं पीडीएफ राहू दे. नवीन निघालं की दोन प्रती माझ्या.