मदत हवी आहे: थकलेले बैल आणि संकरित गोऱ्हे घरीच सांभाळणाऱ्या शेतकऱ्यासाठी एखादी योजना आहे का?

नमस्कार.

आमची सांगोला तालुक्यात साडेचार एकर शेती असून दावणीला दोन खिलार बैल, पाच संकरित गायी आणि त्यांचे तीन गोऱ्हे आहेत. थोरला बैल चौदा वर्षांचा झाला असून त्याच्या दाढा झिजल्या आहेत. कडबा त्याला चावत नाही, म्हणून वडील रात्री कुट्टी भिजत घालतात आणि सकाळी तीत मूठभर पेंड कालवून त्याच्यापुढे ठेवतात. औताला तो दोन वर्षांपासून जुंपलेला नाही, पण वैरण मात्र रोज लागतेच.

पूर्वी बैल थकला की तो बाजारात विकायचा आणि आलेल्या रकमेत थोडी भर घालून नवा खोंड आणायचा, असा आमच्याकडचा हिशेब होता. 1976 च्या पशुसंरक्षण कायद्याने गायीच्या कत्तलीला बंदी होती. मार्च 2015 मध्ये अमलात आलेल्या दुरुस्तीने बैल आणि वळूही त्या बंदीत आले, आणि 2016 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ही बंदी कायम ठेवली. कायदा योग्य की अयोग्य हा वाद मला येथे घालायचा नाही. त्याचा खर्च कोणाच्या गोठ्यात येऊन पडतो, एवढेच सांगायचे आहे. गोऱ्ह्यांची अवस्था तर बैलांहून वाईट आहे, कारण होलस्टिन या विदेशी दुधाळ जातीच्या संकरातील नराला वशिंड जेमतेम असते, ऊन सोसत नाही आणि औतासाठी त्याला कोणी विचारतही नाही. 2025 च्या पावसाळ्यात वाटेतील अडवणुकीला कंटाळून कुरेशी समाजातील जनावर-मांस व्यापाऱ्यांनी जनावरांची खरेदी थांबवली, तेव्हा ज्यांच्या कत्तलीला बंदी नाही त्या म्हशी-रेड्यांनाही गिऱ्हाईक मिळेना.

मदतीच्या ज्या योजना माझ्या वाचनात आल्या, त्या सगळ्या आमच्या दावणीला वळसा घालून जातात. देशी गायींसाठी प्रतिदिन 50 रुपयांचे अनुदान देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर 2024 मध्ये घेतला, पण ते गोशाळांना मिळते. स्वतःच्या गोठ्यात जनावर मरेपर्यंत पोसणाऱ्याला नाही. राष्ट्रीय पशुधन अभियानातील 50 टक्के अनुदान शेळी, मेंढी, कुक्कुट यांसारख्या व्यवसायांसाठी आहे. किसान क्रेडिट कार्डावर पशुपालनासाठी कर्ज मिळते हे खरे, पण ज्या जनावरापासून उत्पन्नच नाही त्याच्यासाठी कर्ज काढणे वडिलांना पटत नाही, आणि मलाही.

पुढे गोऱ्हे जन्मूच नयेत म्हणून आम्ही आता लिंगवर्गीकृत रेतमात्रा (मादी वासरू व्हावे म्हणून निवडलेले वीर्य) वापरणार आहोत. तिच्यामुळे सुमारे 90 टक्के कालवडी होतात असे डॉक्टरांनी सांगितले. मात्र आज दावणीला उभ्या असलेल्या जनावरांचे काय करावे, हा प्रश्न त्याने सुटत नाही. जवळच्या एका गोशाळेने गोऱ्हे घेण्याची तयारी दाखवली, पण प्रत्येक जनावरामागे आमच्याकडूनच देणगी मागितली.

माहीतगारांनी कृपया सांगावे: वैयक्तिक शेतकऱ्याला अनुत्पादक गोवंशाच्या संगोपनासाठी राज्य शासनाकडून किंवा जिल्हा परिषदेकडून थेट काही मिळते का? गोशाळेत जनावर देताना कानातल्या बिल्ल्याच्या नोंदीवरून आपले नाव कमी करून घेण्याची रीत काय आहे, आणि पोचपावतीत कोणत्या गोष्टी लिहून घ्याव्यात? गायी कमी करून म्हशी घ्याव्यात असे धाकटा भाऊ म्हणतो. ज्यांनी रेडकू वाढवून विकले आहेत, त्यांना वैरणीचा खर्च वजा जाता हातात काय राहिले, हेही कळले तर बरे होईल. दिवाळीनंतर कडब्याची खरेदी करायची आहे, त्याआधी निर्णय घ्यावा लागेल.