पांढरी सावर (कपोक) आणि आपली काटेसावर: कापूस एकच की वेगवेगळा?

आजीची_उशी (नागपूर)

नमस्कार. गेल्या महिन्यात इतवारीतील एका दुकानातून उशा भरून घेण्यासाठी मी दोन किलो सावरीचा कापूस आणला. दुकानदारांनी तो "सेमलचा" (म्हणजे काटेसावरीचा) असल्याचे सांगितले, पोत्यावर मात्र "कपोक" असे लिहिलेले होते. आमच्या आजीची एक जुनी उशी अजून घरात आहे. तिच्यातील कापूस उमरेडकडील आमच्या शेताच्या धुऱ्यावर उभ्या असलेल्या, फाल्गुनात लालभडक फुलणाऱ्या काटेसावरीचा आहे, हे मला नक्की ठाऊक आहे. शोध घेतल्यावर कळले की कपोक हे मूळचे अमेरिकेतील वर्षावनात वाढणारे, पांढऱ्या फुलांचे निराळेच झाड आहे. या दोन झाडांत नेमका फरक कोणता, तेथील लोक या झाडाचा पूर्वापार कसा उपयोग करत आले, आणि पोत्यातील कापूस खरोखर सावरीचा आहे की नाही हे घरच्या घरी ओळखता येईल का, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

पानगळ

ताई, दोन्ही झाडे एकाच कुळातील असली तरी त्यांची प्रजाती वेगळी आहे. आपली काटेसावर म्हणजे बॉम्बॅक्स सेइबा, आणि कपोक म्हणजे सेइबा पेंटँड्रा, जिला मराठीत पांढरी सावर म्हणतात. दोघींच्या नावांत "सेइबा" आल्यामुळे गोंधळ वाढतो. ओळखण्याची सोपी खूण फुलांची आहे: काटेसावरीची फुले तळहाताएवढी, मांसल आणि लाल असतात व दिवसभर त्यांवर मैना-कोतवालांची झुंबड उडते, पांढऱ्या सावरीची फुले लहान, मळकट पांढरी असून रात्री उमलतात आणि त्यांचे परागीभवन मुख्यतः वटवाघळे करतात. पांढऱ्या सावरीच्या कोवळ्या झाडाचे खोड हिरवेगार असते, हीसुद्धा लक्षात ठेवण्याजोगी खूण आहे.

मेक्सिकोपासून ॲमेझॉनच्या खोऱ्यापर्यंत आणि पश्चिम आफ्रिकेतही हे झाड निसर्गतः आढळते. तेथील वर्षावनात ते साठ मीटरच्या वर जाते आणि भोवतालच्या झाडांच्या छतातून डोके बाहेर काढून उभे राहते; एवढा डोलारा तोलण्यासाठी बुंध्याभोवती फळ्या उभ्या कराव्यात तशी माणसाहून उंच आधारमुळे फुटलेली असतात. लाकूड हलके आणि मऊ असल्याने ते लवकर कुजते, पण त्याच कारणाने ते कोरायला सोपे जाते आणि म्हणून अख्ख्या खोडातून एकसंध होडी कोरण्याची रीत तेथे फार जुनी आहे.

मला स्वतःला सर्वांत विलक्षण वाटतो तो ॲमेझॉनमधील शिकाऱ्यांनी केलेला कापसाचा उपयोग. फुंकनळीतून मारायचा विषारी बाण विणकामाच्या सुईसारखा बारीक असतो, त्यामुळे नुसताच नळीत घातला तर फुंकर त्याच्या बाजूने निसटून जाईल. म्हणून शिकारी बाणाच्या मागच्या टोकाला कपोकची चिमूटभर लव बोटांनी फिरवून गुंडाळतो. ती नळीत बुचासारखी बसते आणि फुंकरीचा सगळा जोर बाणाला मिळतो. येथे साधा कापूस वापरला तर तो तोंडाच्या वाफेने ओला होऊन दबेल, कपोक मात्र पाणी धरत नाही.

माया लोकांच्या श्रद्धेत हे झाड विश्वाचा खांब आहे: मुळे पाताळात, खोड मनुष्यलोकात आणि फांद्या स्वर्गात. त्यांच्या काही मृत्पात्रांवर अंगभर जे टोकदार उंचवटे दिसतात, ते या झाडाच्या खोडावरील काट्यांचीच प्रतिकृती मानले जातात. ग्वाटेमालाने १९५५ मध्ये याला राष्ट्रीय वृक्ष ठरवले. क्युबातील हवाना येथे दर १६ नोव्हेंबरला, शहराच्या स्थापनादिनी, लोक रांगा लावून या झाडाला तीन प्रदक्षिणा घालतात. वटपौर्णिमेला वडाभोवती सूत गुंडाळणाऱ्या आपल्यासारख्यांना हे मुळीच परके वाटू नये.

सरकी_आणि_रुई

माझे आयुष्य विदर्भातील जिनिंगमध्ये गेले, त्यामुळे केवळ तंतूविषयी लिहितो. आपल्या कपाशीत तंतू सरकीच्याच सालीवर उगवतो, म्हणून रुई आणि सरकी वेगळी करायला रेचा लागतो. सावरीत (लाल असो वा पांढरी) तंतू बोंडाच्या आतल्या भिंतीवर उगवतो आणि बिया त्यात नुसत्या अडकलेल्या असतात. कापूस टोपलीत घालून काठीने घुसळला की बिया खाली गळून पडतात. जिनिंगचा खर्चच नाही! मग याचे कापड का होत नाही, असे कोणीही विचारेल. कपाशीचा तंतू वाळताना चपटा होऊन स्वतःभोवती पीळ घेतो, त्यामुळे सूत कातताना तंतू एकमेकांना धरून राहतात. कपोकचा तंतू गुळगुळीत, आखूड आणि ठिसूळ असून त्यावर मेणाचा पातळ थर असतो, त्यामुळे तो चातीवर टिकत नाही. परंतु तो आतून पोकळ व हवेने भरलेला असतो, आणि म्हणूनच पाण्यावर इतका तरंगतो की कृत्रिम फोम येण्यापूर्वी जहाजांवरील लाइफ जॅकेटमध्ये तोच भरला जाई. त्या काळी त्याचा मोठा पुरवठा जावा बेटातून होत असे. १९४२ मध्ये जपानने जावा घेतल्यावर अमेरिकेत अडचण झाली आणि तेथे शाळकरी मुलांकडून मिल्कवीड या रानवनस्पतीची बोंडे गोळा करवून घेण्यात आली; ही वनस्पती मारुतीला जिची पाने वाहतात त्या आपल्या रुईच्या झाडाच्या कुळातील आहे.

भारतात पांढरी सावर मुख्यतः दक्षिणेत लावली जाते. तामिळनाडूत तिच्या कापसाला "इलवम पंजू" म्हणतात, त्यामुळे आपल्या पोत्यातील माल तिकडचा असणे अगदी शक्य आहे. दोन्ही सावरींचा कापूस नुसत्या डोळ्यांनी वेगळा ओळखणे मलाही जमत नाही, पण भेसळ ओळखता येते. चिमूटभर कापूस पाण्यावर टाका: सावरीचा तरंगत राहील, कपाशीची जुनी रुई भिजून खाली बसेल. दुसरी चिमूट स्टीलच्या ताटलीत ठेवून काडी लावा: सावरीचा भपकन जळून किंचित राख उरेल, कृत्रिम धागा वितळून त्याची कडक गोळी होईल. हा कापूस फार झपाट्याने पेटतो, तेव्हा पोते दूर ठेवूनच प्रयोग करावा.

काढा_चूर्ण

वरील माहितीत एकच भर घालतो. आयुर्वेदातील मोचरस हा काटेसावरीचा डिंक आहे आणि सेमल मुसळी म्हणजे तिच्याच कोवळ्या रोपाचे मूळ. कपोकलाही "सावर" म्हणतात एवढ्या आधारावर तिचा डिंक किंवा साल औषधात वापरू नये. जाता जाता, इलवम पंजूवरून आठवले: तामिळमध्ये "सावर राखणारा पोपट" अशी म्हण आहे. बोंड पिकेल, गर मिळेल म्हणून पोपट महिनोन्‌महिने वाट पाहतो आणि शेवटी ते फुटून नुसता कापूस उडतो.

आजीची_उशी (नागपूर)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल दोन्ही प्रयोग केले. आजीच्या उशीतील कापूस रात्रभर पाण्यावर तरंगत राहिला, आणि उशी उसवताना तिच्या कोपऱ्यात मिरीएवढ्या सात-आठ काळ्या बियाही सापडल्या. नव्या पोत्यातील वरचा कापूस तसाच तरंगला व भपकन जळाला, मात्र तळाशी हात घालून काढलेली चिमूट ताटलीत वितळली आणि तिची काळी गोळी झाली, जी अजून ताटलीला चिकटलेली आहे. आता येत्या चैत्रात उमरेडला जाऊन बोंडे फुटण्याआधी काढून आणावीत असा विचार आहे. ती उन्हात वाळवताना कापूस उडून जाऊ नये यासाठी काय झाकतात, हे सरकी_आणि_रुई यांनी सांगितल्यास उपकार होतील.

सरकी_आणि_रुई

जुनी मच्छरदाणी. चारही कडांवर विटा ठेवा, वैशाखाचा वारा फार वाईट.