मदत हवी आहे: ओबीबी टाकली तरी गेम परत डाउनलोडच मागतोय (अर्जंट)

गोदाकाठचा_गण्या | शुक्रवार, रात्री ९:४२
मंडळी, डोकं फिरायची वेळ आलीय. गेम टाकला, ओबीबी फाइल (गेमचे चित्र-आवाज असतात ती वेगळी मोठी फाइल) पण टाकली, तरी उघडला की काळी स्क्रीन आणि खाली डाउनलोडचा पट्टा. मग एरर. पट्टा शून्यावरून हलत नाही. चार वेळा केलं. रविवारी सकाळी भाचा येतोय पुण्याहून, त्याला फोनवर शब्द देऊन बसलोय. लवकर सांगा कुणीतरी.

सिडकोवाला | ९:५०
फोन कुठला? अँड्रॉइड कितवं? गेम कुठला? फाइल नक्की कुठे टाकली? एरर काय येतो, शब्दन्‌शब्द लिही.

गोदाकाठचा_गण्या | ९:५३
फोन नवीन आहे, त्याचा प्रॉब्लेम नाही. एरर इंग्लिशमध्ये आहे.

सिडकोवाला | ९:५४
छान.

बगळा_बघतोय | ९:५८
भो, मॉड एपीके (कुणीतरी फेरफार केलेली गेमची इन्स्टॉल फाइल) असणार. फुकटचं टाकलं की असंच होतं. सगळा पैसा अनलिमिटेड पाहिजे आणि वर मदत पण पाहिजे.

गोदाकाठचा_गण्या | १०:०४
अहो, २०१७ ला रीतसर १२० रुपये भरून घेतलाय. जीपच्या रेसचा गेम आहे, आता स्टोअरवरून काढून टाकलाय, शोधला तरी दिसत नाही. म्हणून नाव सांगून उपयोग नाही. जुन्या फोनची स्क्रीन गेली, पण ती जायच्या आधी मित्राने एपीके आणि ओबीबीची झिप काढून मेमरी कार्डावर ठेवली होती. तेच कार्ड नव्या फोनमध्ये टाकलंय.
एरर : "डाउनलोड फेल्ड बिकॉज द रिसोर्सेस कुड नॉट बी फाउंड".

सिडकोवाला | १०:०९
आता बोललास. हा मेसेज म्हणजे गेमला फाइल जागेवर दिसलीच नाही, म्हणून तो ती स्टोअरकडे मागतोय, आणि स्टोअरवर गेमच नाही. तू गेम विकत घेतलेला नसावा असं काही लिहून आलं असतं तर भानगड लायसन्सची होती. तुझी जागेची आहे. कुठे टाकलीस?

गोदाकाठचा_गण्या | १०:१२
मेमरी कार्डावर ओबीबी नावाचं फोल्डर बनवलं, त्यात. नवा फोन ६४ जीबीचा आहे, त्यात जागा कुठे आहे?

सिडकोवाला | १०:१३
😐
कार्डावर नाही. फोनच्या स्वतःच्या मेमरीत. तिथे अँड्रॉइड, त्यात ओबीबी, त्यात गेमच्या पॅकेजच्या नावाचं फोल्डर (कॉम, टिंब, कंपनी, टिंब, गेम असं काहीतरी इंग्रजीत असतं) आणि त्याच्या आत फाइल. फाइलचं नाव मेन, मग एक आकडा, मग तेच पॅकेजचं नाव, शेवटी ओबीबी. त्या नावातलं एक अक्षरही बदलायचं नाही.

रूट_किंग | १०:२०
एवढा कुटाणा कशाला? बूटलोडर (फोन सुरू करणारा प्रोग्रॅम) अनलॉक कर, रूट मार, म्हणजे फोनचा पूर्ण ताबा घे, सगळे फोल्डर उघडे. मी २०१५ पासून एकही फोन रूट न करता वापरलेला नाही.

तात्या_पंचवटी | १०:२६
आणि त्यातले किती फोन चालू आहेत?

रूट_किंग | १०:२७
तात्या, दोन. पण ते मस्त चालतात.

गोदाकाठचा_गण्या | १०:३५
फोनमधलं ओबीबी फोल्डर फाइल मॅनेजरमध्ये उघडायला गेलो तर रिकामं दिसतं. दुसरा फाइल मॅनेजर टाकला, त्यात परवानगीचं बटण दाबलं तर "हे फोल्डर वापरता येणार नाही" म्हणतो. आता? अँड्रॉइड १३ आहे, आत्ता बघितलं.

ओझरची_आयटीवाली | १०:४८
फोनमध्ये बिघाड नाही. अँड्रॉइड ११ पासून, म्हणजे २०२० पासून, एका ॲपला दुसऱ्याच्या डेटा आणि ओबीबी फोल्डरात डोकावू देत नाहीत. १३ मध्ये ज्या फटी उरल्या होत्या त्याही बुजवल्या. पूर्वी कुठलंही टॉर्चचं ॲप स्टोरेजची परवानगी घेऊन सगळं कार्ड वाचत बसायचं, त्यावरचा हा उपाय. गेमवाल्यांची तेवढी पंचाईत झाली.
तुमच्यासाठी सोपा रस्ता म्हणजे लॅपटॉप आणि यूएसबी केबल. लॅपटॉपला जोडल्यावर ते फोल्डर उघडतं. फोनवर नोटिफिकेशन येईल, त्यात "फाइल ट्रान्सफर" निवडा, नाहीतर नुसताच चार्ज होत राहील.
काही फाइल मॅनेजर असे आहेत की त्यांना "अनोळखी ॲप इन्स्टॉल करणे" ही परवानगी दिली आणि ॲप बंद करून परत उघडलं की ओबीबी फोल्डर दिसतं. पण सगळ्यांचं होत नाही. लॅपटॉपच बरा.

गोदाकाठचा_गण्या | १०:५१
लॅपटॉप वहिनीचा आहे, ऑफिसचा. विचारतो.

एमजीरोडचा_मेकॅनिक | १०:५५
उद्या दुकानावर या भाऊ, १५० रुपयांत बसवून देतो. वर्षानुवर्षं हेच करतोय.

ओझरची_आयटीवाली | ११:०१
१५० रुपयांत आधी फोनचा पासवर्ड घेणार, मग फोन दोन तास काउंटरखाली ठेवणार.

एमजीरोडचा_मेकॅनिक | ११:०३
ताई, सगळे तसले नसतात. गिऱ्हाईक समोर बसवून काम करतो मी.

मिसळ_झाली_का | ११:१०
एमजी रोडला गाडी लावायला जागा मिळाली तर मला कळवा, मी पेढे वाटीन. त्यापेक्षा गंगापूर रोडला मिसळ खाऊन या, दही पापडासकट, डोकं शांत होईल.

तात्या_पंचवटी | ११:१४
गंगापूर रोडच्या मळ्यातल्या मिसळीत झोके जास्त आणि तर्री कमी. मिसळ गावातच खावी. बाकी चालू द्या.

गोदाकाठचा_गण्या | शनिवार, सकाळी ८:३०
केबल लावली. लॅपटॉपवर फोन दिसतच नाही. नोटिफिकेशन पण नाही.

सिडकोवाला | ८:४१
केबल कुठली? फोनबरोबरची की रस्त्यावरची?

गोदाकाठचा_गण्या | ८:४४
शालिमारला घेतली होती. ५० रुपये.

सिडकोवाला | ८:४५
ती नुसती चार्जिंगची असणार, आत डेटाच्या तारा नसतात. दुसरी आण.

पिंग_९९९ | ९:०२
बॅटलग्राउंड्स गेममध्ये पिंग (सर्व्हरकडून उत्तर यायला लागणारा वेळ) जास्त येत असेल तर डीएनएस बदला, माझं ४० वर आलं.

तात्या_पंचवटी | ९:०५
हे कोणी विचारलं?

पिंग_९९९ | ९:०६
गेमचाच धागा आहे ना?

मिसळ_झाली_का | ९:१५
डीएनएस बदलून काय होणार? त्याने नुसता सर्व्हरचा पत्ता मिळतो, पिंग कमी होत नाही. आमच्याकडे सिंहस्थाच्या कामांसाठी जिथे तिथे खणलंय, दर आठवड्याला फायबर तुटते. गेम काय, बँकेचा ओटीपी येत नाही.

गोदाकाठचा_गण्या | ११:२०
वहिनीच्या फोनची केबल लावली, फोन दिसला! फाइल ट्रान्सफर केलं, ओबीबी फोल्डर उघडलं. झिप लॅपटॉपवर घेतली, राइट क्लिक करून एक्स्ट्रॅक्ट ऑल केलं, जे फोल्डर तयार झालं ते उचलून फोनच्या ओबीबीत टाकलं. १.६ जीबी, दहा मिनिटं लागली. गेम उघडला. तोच एरर!!! सेम टु सेम. मला आता फोन गोदावरीत टाकावासा वाटतोय.

बगळा_बघतोय | ११:२४
गेम अनइन्स्टॉल करून परत इन्स्टॉल कर. नव्वद टक्के प्रॉब्लेम तिथेच सुटतात.

ओझरची_आयटीवाली | ११:३१
थांबा. अनइन्स्टॉल करू नका. गेमबरोबर त्याचं ओबीबी फोल्डरही पुसलं जातं. करायचंच असेल तर आधी त्या फोल्डरचं नाव बदलून ठेवतात, शेवटी एक अक्षर वाढवायचं, आणि गेम परत टाकल्यावर नाव पूर्ववत करायचं.

गोदाकाठचा_गण्या | ११:३३
केलं.

ओझरची_आयटीवाली | ११:३३
नाव बदललंत ना?

गोदाकाठचा_गण्या | ११:३६
नाही, अनइन्स्टॉल केलं. तुमचा मेसेज नंतर वाचला. फोल्डर गायब आहे. आणि वहिनीला लॅपटॉप हवा होता म्हणून त्यावरची झिप, ते एक्स्ट्रॅक्ट केलेलं, सगळं शिफ्ट दाबून डिलीट केलंय. रिसायकल बिनमध्ये पण नाही. हा गेम आता कुठेच मिळत नाही हो.

सिडकोवाला | ११:३८
बगळ्या, तू काय दिवा लावलास बघ.

बगळा_बघतोय | ११:४०
माझं काय चुकलं? माझ्या फोनवर दहा वेळा चाललंय.

ओझरची_आयटीवाली | ११:४४
तुमच्या फोनवर स्टोअरचे गेम होते, ते डेटा परत उतरवून घेतात. या माणसाने पहिल्याच पानावर सांगितलंय की गेम स्टोअरवर नाही. वाचा तरी.

बगळा_बघतोय | ११:४७
ताई, सल्ला फुकट दिला होता.

तात्या_पंचवटी | ११:५०
म्हणूनच तो महाग पडला.

रूट_किंग | ११:५२
रूट असतं तर डिलीट झालेली फाइल रिकव्हर करता आली असती.

ओझरची_आयटीवाली | ११:५८
नसती आली. आताच्या फोनमध्ये स्टोरेज एनक्रिप्टेड (सांकेतिक रूपात कुलूपबंद) असतं, डिलीट केलेलं असं बाहेर काढता येत नाही. उगाच आशा लावू नका त्यांना.

सिडकोवाला | दुपारी १२:०३
एक मिनिट. गण्या, काल रात्री तू मेमरी कार्डावर ओबीबी नावाचं फोल्डर केलं होतंस. झिप त्यातच होती ना? लॅपटॉपवर घेताना कट केलीस की कॉपी?

गोदाकाठचा_गण्या | १२:१०
आहे!! कॉपी केली होती. झिप कार्डावर तशीच आहे, १.६ जीबी. एपीके पण आहे शेजारी.

तात्या_पंचवटी | १२:१२
चुकीच्या जागी ठेवलेलीच कामाला आली.

सिडकोवाला | १२:१५
आधी ती झिप अजून एका ठिकाणी कॉपी कर. मग एपीके टाक, गेम उघडू नको. वहिनीकडून लॅपटॉप मिळाला की सांग. या वेळी प्रत्येक फोल्डर उघडल्यावर आत काय दिसतं ते लिहायचं, गाळायचं नाही काही.

जुन्या_गेमचा_चाहता | १२:३०
धाग्यात माहिती म्हणून सांगतो. ही ओबीबी पद्धत २०१२ ची. तेव्हा स्टोअरवर एपीकेला ५० एमबीची मर्यादा होती, मोठ्या गेमचे चित्र-आवाज त्यात मावत नव्हते, म्हणून जोडीला दोन फाइल द्यायची सोय केली, एक मेन आणि एक पॅच, प्रत्येकी २ जीबीपर्यंत. ऑगस्ट २०२१ पासून नव्या गेमना ॲप बंडल (स्टोअरच प्रत्येक फोनपुरता गेम बांधून देतो ती पद्धत) सक्तीचं झालं आणि ओबीबी मागे पडली. आता नव्या गेमची फाइल अशी एका फोनवरून उचलून दुसऱ्यावर ठेवण्याचा खेळ बहुतेक संपला. फाइलच्या नावातला आकडा म्हणजे व्हर्जन कोड, तो सहसा एपीकेच्या व्हर्जनशी जुळावा लागतो. नुसतं नाव बदलून आकडा जुळवला तरी बरेच गेम आत फाइलचा साइज तपासतात.

ओझरची_आयटीवाली | १२:३८
आणि गण्या, तुमच्या फोनला अँड्रॉइड १४ चा अपडेट आला तर जरा जपून. १४ वर फार जुने, म्हणजे अँड्रॉइड ६ च्या आधीच्या हिशेबाने बनवलेले ॲप इन्स्टॉलच होऊ देत नाही. आधीपासून टाकलेलं असेल तर राहतं. तुमचा गेम त्यात बसतो का ते एपीके बघूनच कळेल.

गोदाकाठचा_गण्या | दुपारी ४:०५
लॅपटॉप मिळाला, वहिनीला एक तासाचा शब्द दिलाय. लिहितो.
झिप एक्स्ट्रॅक्ट केली. झिपच्याच नावाचं फोल्डर तयार झालं, कॉम टिंब वगैरे.
ते उघडलं. आत परत त्याच नावाचं फोल्डर.
ते उघडलं. आत मेन, १०४, पुढे पॅकेजचं नाव, ओबीबी. एकच फाइल.

सिडकोवाला | ४:०८
वाच परत, तिसरी ओळ.

गोदाकाठचा_गण्या | ४:१०
फोल्डरात फोल्डर!

सिडकोवाला | ४:११
सकाळी तू बाहेरचं फोल्डर उचललंस. गेम पहिल्या पायरीवर हात घालतो, तिथे फाइलऐवजी अजून एक फोल्डर. म्हणून रिसोर्सेस सापडले नाहीत. विंडोज एक्स्ट्रॅक्ट करताना झिपच्या नावाचं एक पांघरूण घालतं, आणि तुझ्या मित्राने झिप करताना फोल्डरसकट केली होती. आतलं फोल्डर उचल. कॉपी झाल्यावर दोन्हीकडचा साइज बाइटपर्यंत ताडून बघ.

गोदाकाठचा_गण्या | ४:३१
चालला!!! जीपचा हॉर्न वाजला, वहिनी आतून ओरडली. डाउनलोडचा पट्टा आलाच नाही. साइज पण जुळला. सिडकोवाले भाऊ, ताई, दोघांचे आभार. बगळा, तुझे नाही.

बगळा_बघतोय | ४:४०
अनइन्स्टॉल केल्यामुळेच नीट चाललं असेल.

रूट_किंग | ४:४२
पुढच्या वेळी रूट कर.

मिसळ_झाली_का | ४:५०
भाचा उद्या पुण्याहून कसा येतोय? गाडीने असेल तर चाकणला दोन तास धर. तेवढ्यात तुझं दुसरंही काही बिघडवून परत दुरुस्त होईल.

गोदाकाठचा_गण्या | ५:०५
एक शेवटचं विचारतो. फोनमध्ये आता ३ जीबीच उरलेत, कार्ड पण भरत आलंय. गेम तर चालतोय, मग कार्डावरची ती झिप उडवू का?

सिडकोवाला | ५:०५
हात लावू नकोस.

ओझरची_आयटीवाली | ५:०५
नाही!

तात्या_पंचवटी | ५:०६
गण्या, ते कार्ड काढून डब्यात ठेव, आणि डबा वहिनीकडे दे.